गोवा १९६१ : मुक्ती, आक्रमण की विलीनीकरण?

आजचा भाग गोव्यावर आहे, पण बीच आणि फेणीचा नाही.

जगात कुठं एका देशानं दुसऱ्याचा भूभाग घेतला की चर्चेत एक वाक्य येतं, 'मग भारतानं १९६१ मध्ये गोव्यात काय केलं होतं?' क्रिमियाच्या वादातही हा मुद्दा काढला जातो. आपण चिडतो, पण नीट उत्तर देता येत नाही, कारण शाळेच्या पुस्तकात गोवा दोन परिच्छेदांत उरकलेला असतो. तर आज ते उत्तर तयार करू. त्यासाठी तीन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या आहेत : घडलं काय, त्याला नाव काय दिलं, आणि त्याबद्दल खोटं काय सांगितलं गेलं.

नकाशा बदलला नाही, शब्द बदलला

१५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला. १९४७ मध्ये इंग्रज गेले, पोर्तुगीज राहिले. जगभर वसाहती सुटायला लागल्यावर लिस्बनमधल्या सालाझारच्या राजवटीनं काय केलं माहितीये? १९५१ मध्ये राज्यघटनाच बदलली आणि वसाहतींना 'सागरापलीकडचे प्रांत' म्हणायला सुरुवात केली. म्हणजे कागदोपत्री गोवा हा पोर्तुगालचाच एक जिल्हा झाला. मग 'आम्ही वसाहत सोडत नाही' असं म्हणायची वेळच येत नाही, कारण आमच्याकडे वसाहतच नाही!

हे टिकवायचं तर लोकांचं तोंड बंद हवं. पोर्तुगालमधले सेन्सॉर अधिकारी निळ्या पेन्सिलीनं बातम्या कापायचे. गोव्यात तर लग्नपत्रिका छापायलाही परवानगी लागायची. म्हणून १८ जून १९४६ ला मडगावात राम मनोहर लोहियांनी सभाबंदी मोडून भाषण केलं, त्याला इतकं महत्त्व आहे. या टप्प्यावरच्या लढ्याची सुरुवातच मुळी 'आम्हाला बोलू द्या' या मागणीनं झाली.

पुढं १९५५ मध्ये सत्याग्रहींच्या तुकड्या सीमा ओलांडून आत गेल्या. त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा होता. नानासाहेब गोरे, सेनापती बापट अशी मंडळी तुकड्यांसोबत गेली, आणि गोऱ्यांनी तर गोव्याच्या तुरुंगात दिवस काढले. १५ ऑगस्ट १९५५ ला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला, वीसहून अधिक माणसं गेली.

बाहेरच्यांचं गणित

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस यांनी पोर्तुगालच्या परराष्ट्रमंत्र्यांसोबत एक संयुक्त निवेदन काढलं. त्यात गोव्याचा उल्लेख पोर्तुगालचा 'प्रांत' असा होता. म्हणजे लिस्बनचा शब्द आता वॉशिंग्टनच्या तोंडी आला. का? पोर्तुगाल नाटोचा सदस्य होता, आणि अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांवर अमेरिकेला हवाई तळ हवा होता. गोव्यातल्या माणसाला काय वाटतं, हा प्रश्न या हिशेबात कुठंच नव्हता.

पण जग बदलत होतं. डिसेंबर १९६० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं वसाहतवाद संपवण्याचा ठराव केला. दुसऱ्याच दिवशी पोर्तुगालच्या ताब्यातल्या प्रदेशांची यादी करून सांगितलं, की हे 'स्वशासन नसलेले प्रदेश' आहेत. त्या यादीत गोवा होता. थोडक्यात, 'प्रांत' हा शब्द तिथं चालला नाही.

३६ तास

नोव्हेंबर १९६१ मध्ये कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून भारतीय बोटींवर गोळीबार झाला, त्यात एक मच्छीमार मारला गेला. १७ डिसेंबरच्या रात्री 'ऑपरेशन विजय' सुरू झालं. १९ डिसेंबरच्या रात्री गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्व्हा यांनी शरणागती पत्करली. दोन्ही बाजूंचे मिळून साधारण पन्नास सैनिक मेले.

आता सुरक्षा परिषदेतला सीन बघा. भारताकडून सी. एस. झा म्हणाले, हा वसाहतवादाचा प्रश्न आहे, गोवा भारताचाच भाग आहे. अमेरिकेचे अॅडलाय स्टीव्हन्सन यांचं म्हणणं, बळाचा वापर खपवून घेतला तर संयुक्त राष्ट्रसंघाचाच शेवट सुरू होईल. भारतानं सैन्य मागं घ्यावं, या ठरावाच्या बाजूनं ७ मतं पडली, विरोधात ४. सोव्हिएत संघानं नकाराधिकार वापरला आणि ठराव पडला. म्हणजे भारताच्या मदतीलाही एक परकी सत्ताच आली, आणि तिचंही स्वतःचं शीतयुद्धाचं गणित होतंच.

खोटं कोण बोललं?

लिस्बन तर बोललंच. सालाझारनं गव्हर्नरला आदेश दिला होता, की किमान आठ दिवस टिकाव धरा; आमचे सैनिक एक तर जिंकतील नाही तर मरतील, शरणागती नाही. हे आठ दिवस कशासाठी? जगात ओरड करायला वेळ मिळावा म्हणून. गोव्यात होते जेमतेम साडेतीन हजार सैनिक, लढाऊ विमान एकही नाही, आणि 'अफोन्सो द अल्बुकर्क' हे एक जुनं जहाज. तरी पोर्तुगालमध्ये तुंबळ लढाईच्या, वीरमरणाच्या बातम्या आल्या. खरं बोलणं महागात कुणाला पडलं? वासालो ई सिल्व्हांना. त्यांनी माणसं वाचवली म्हणून त्यांना सैन्यातून काढून टाकलं. १९७४ च्या क्रांतीनंतरच त्यांना मान परत मिळाला.

आता थोडी आपली बाजू. डिसेंबरमध्ये भारतीय वृत्तपत्रांत गोव्यात पोर्तुगीज फौजांची मोठी जमवाजमव चालल्याच्या बातम्या येत होत्या. प्रत्यक्षात आधीच्या काळात तिथली फौज वाढली नव्हती, कमी झाली होती. शिवाय फेब्रुवारी १९६२ मध्ये सार्वत्रिक निवडणूक होती आणि संरक्षणमंत्री कृष्ण मेनन उत्तर मुंबईतून उभे होते. टीकाकारांनी तेव्हाच वेळेवर बोट ठेवलं. भारताची मूळ बाजू न्याय्य होती म्हणून या बातम्या खऱ्या ठरत नाहीत. आणि बातम्या फुगवल्या होत्या म्हणून मूळ बाजू खोटी ठरत नाही. हे दोन्ही एकदम डोक्यात ठेवायला जड जातं, पण ठेवायला लागतं.

याच काळात आवाजावर आवाजानंच उत्तर देणारे दोघं होते, वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो. नोव्हेंबर १९५५ पासून सहा वर्षं त्यांनी जंगलात राहून 'गोंयचे सोडवणेचो आवाज' हे भूमिगत रेडिओ केंद्र चालवलं. कार्यक्रम कोकणी आणि पोर्तुगीज भाषेत. लिस्बन काय सांगतंय ते ऐकायचं, पडताळायचं आणि खोडून काढायचं, असं काम. गोवा मुक्त झाल्यावर विमानातून लाऊडस्पीकरवर ती बातमी सांगणारे हेच दोघं. आपण आज फोनवर मजेत बोलतोय, तेव्हा ही माणसं आठवायला हवीत.

मग शब्द कुठला?

पोर्तुगाल म्हणायचं 'आक्रमण'. आपण म्हणतो 'मुक्ती'. आणि आपलं सर्वोच्च न्यायालय? गोव्यातल्या एका ख्रिस्ती धर्मगुरूंनी भारतीय नागरिकत्व नाकारलं होतं. गोवा हा व्याप्त प्रदेश आहे, म्हणून मला जिनिव्हा कराराचं संरक्षण द्या, असा त्यांचा दावा. १९६९ मध्ये न्यायालयानं तो फेटाळला. कारण दिलं, की लष्करी ताबा कधीच संपलाय, हा प्रदेश जिंकून भारतात सामील करून घेतलाय आणि सार्वभौमत्व भारताचं आहे. म्हणजे कायद्याच्या भाषेत 'सामीलीकरण' हा शब्द आपल्याच न्यायालयाचा. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. 'सामीलीकरण' हा शब्द कृतीचं वर्णन करतो, 'मुक्ती' हा शब्द ती का केली ते सांगतो. भांडण होतं ते एकाच्या जागी दुसरा चिकटवला की.

उरला सगळ्यात अवघड प्रश्न : गोवेकरांना विचारलं का? १९६१ मध्ये नाही. तिथं सार्वमत झालं नाही, हे मान्य करायला हवं. पण त्याआधीच्या साडेचारशे वर्षांतही 'राहायचं का' असं पोर्तुगालनं विचारलं नव्हतं. १९६३ च्या डिसेंबरमध्ये निवडणूक झाली आणि दयानंद बांदोडकरांचं सरकार आलं. १६ जानेवारी १९६७ ला जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं, एवढेच पर्याय होते. विलीनीकरणाच्या बाजूनं १,३८,१७० मतं पडली, विरोधात १,७२,१९१. गंमत म्हणजे मराठीतलाच 'गोमन्तक' विलीनीकरणाच्या बाजूचा आणि मराठीतलाच 'राष्ट्रमत' विरोधातला. मुंबई-पुण्यात अनेकांना उत्तर आधीच माहीत आहे असं वाटत होतं. गोवेकरांनी वेगळं उत्तर दिलं आणि ते पाळलं गेलं.

आता क्रिमिया शेजारी ठेवून बघा. युक्रेनच्या सीमांचा आदर करू, असं रशियानं १९९४ मध्ये लिहून दिलं होतं. २०१४ मध्ये बिल्ला नसलेल्या गणवेशातले सैनिक उतरले. पुतिन यांनी मार्चमध्ये ते आपले नाहीत म्हटलं, एप्रिलमध्ये कबूल केलं. १६ मार्चचं सार्वमत त्या बंदुकांच्या छायेतच झालं. गोव्यात सैन्य आपला झेंडा घेऊन, उघड आलं होतं, आणि समोर होती ती आमसभेनं वसाहत ठरवलेली जागा. हे फरक खरे आहेत. मात्र क्रिमियावरच्या आमसभेतल्या मतदानात भारत तटस्थ राहिला, हेही खरं आहे.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी 'मग गोव्याचं काय?' म्हणालं तर चिडू नका. चार प्रश्न विचारा. आधी तिथं राज्य कुणाचं होतं आणि कुठल्या हक्कानं? सैन्य उघड आलं की लपून? बातम्या कोण तपासत होतं? आणि नंतर तिथल्या माणसांना खरोखर निवडायला मिळालं का? गोव्याची चारही उत्तरं आपल्याला सोयीची नाहीत. पण ती माहीत असतील तर आपण वाद घालू शकतो, नुसती घोषणा देत बसत नाही.

पोर्तुगालनं भारताचं सार्वभौमत्व ३१ डिसेंबर १९७४ च्या करारात मान्य केलं. सालाझारची राजवट कोसळली, निळी पेन्सिल हातातून गेली, आणि त्याच वर्षी हे झालं. हा योगायोग नाही.

पुढच्या भागात भेटू. तोवर ऐकत राहा, आणि ऐकलेलं तपासत राहा.