सान हावियेर : एका घराचे नाव आणि अनेक गावे

अमेरिका खंडाचा नकाशा पुढे घ्यावा आणि जिथे जिथे स्पॅनिश भाषा बोलली जाते त्या देशांवरून सावकाश बोट फिरवावे. एक नाव पुन्हा पुन्हा बोटाखाली येईल. सान हावियेर. बोलिव्हियात एक सान हावियेर आहे, अर्जेंटिनात एकाहून अधिक आहेत, चिलीत आहे, उरुग्वेत आहे, मेक्सिकोत आहे. खुद्द स्पेनमध्ये, मुर्सिया प्रांतात समुद्रकाठी, त्याच नावाचे गाव आहे. 'सान' म्हणजे संत. मग हा हावियेर कोण?

तो आपल्या चांगला ओळखीचा आहे, बरं का. स्पॅनिश लोक ज्याला आज हावियेर म्हणतात, त्यालाच पोर्तुगीज शावियेर म्हणतात आणि इंग्रजीतून आपण झेवियर म्हणतो. जुन्या गोव्याला बॉम जेझूच्या मंदिरात चांदीच्या पेटीत ज्याचे शव ठेवलेले आहे, ज्याला गोव्यातले ख्रिस्ती लोक 'गोंयचो सायब' म्हणतात, तोच हा संत फ्रान्सिस झेवियर.

मौज अशी की, या माणसाने अमेरिकेच्या भूमीवर कधी पाऊलच ठेवले नाही. त्याचा सारा प्रवास पूर्वेकडचा. १५४१ साली तो लिस्बनहून निघाला, १५४२ च्या मे महिन्यात गोव्याला उतरला. तिथून तामिळ किनाऱ्यावरच्या मोती काढणाऱ्या कोळ्यांत गेला, मलाक्का आणि मसाल्याची बेटे पाहिली, १५४९ मध्ये जपानला पोचला. चीनमध्ये शिरण्याची वाट पाहत असता, १५५२ च्या ३ डिसेंबरला, चीनच्या किनाऱ्याजवळच्या शांगच्वान बेटावर तो वारला. १५५४ मध्ये त्याचे शव गोव्यात आणले. मग पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला त्याच्या नावाची गावे वसली ती कशी? या प्रश्नाचा माग काढत गेले म्हणजे ध्यानात येते की, गावाचे नाव ही नुसती हाक मारायची सोय नसते. तो एक दस्तऐवज असतो. कोण आले, कोणाचे गेले, आणि काय टिकले, हे त्यात लिहिलेले असते.

आधी त्या नावाचेच मूळ पाहू. स्पेनच्या उत्तरेला नाव्हारा नावाचे एक छोटे स्वतंत्र राज्य होते. तिथे बास्क भाषा चाले. बास्क भाषेत 'एचे' म्हणजे घर आणि 'बेरी' म्हणजे नवे. एचेबेरी, नवे घर. हा शब्द बोलता बोलता झिजून शावियेर झाला आणि एका गढीला ते नाव पडले. त्या गढीत १५०६ साली फ्रान्सिसचा जन्म झाला. म्हणजे संताचे हे नाव मुळात माणसाचे नव्हेच, ते एका वास्तूचे नाव आहे.

फ्रान्सिस सहा वर्षांचा होता तेव्हा, १५१२ मध्ये, आरागॉनचा राजा आणि कास्तीलचा कारभारी फर्डिनंड याच्या फौजांनी नाव्हारा जिंकले. झेवियरचे घराणे नाव्हाऱ्याच्या राजाच्या बाजूचे. त्याचे भाऊ नव्या सत्तेविरुद्ध लढले. १५१६ मध्ये कास्तीलच्या हुकमाने त्या गढीचे बुरूज पाडण्यात आले. दहा वर्षांच्या मुलाने आपल्या घराची ही मोडतोड पाहिली असेल. आणि पुढे काय झाले पाहा! ज्या सत्तेने घराचे बुरूज पाडले, त्याच सत्तेच्या छायेत त्या घराचे नाव दूर अमेरिकेतल्या माळांवर आणि डोंगरांत जाऊन बसले.

हे घडवले जेझुइट पाद्र्यांनी. इग्नेशियस लोयोला, झेवियर आणि त्यांचे सोबती यांनी १५३४ मध्ये पॅरिसला शपथ घेतली, आणि त्यातून हा संघ उभा राहिला. १६२२ मध्ये रोमने इग्नेशियस आणि झेवियर या दोघांनाही एकाच दिवशी संतपद दिले. तोपर्यंत जेझुइट पेरूत, मेक्सिकोत आणि पॅराग्वेच्या प्रदेशात पोचले होते. रानात विखुरलेल्या लोकांना ते एकत्र आणीत, चर्च बांधीत, शेती लावून देत आणि वस्तीला नाव देत. ते नाव साहजिकच आपल्या संघातल्या संताचे. म्हणून त्या मुलखात सान इग्नासियो आणि सान हावियेर ही नावे जागोजाग दिसतात.

बोलिव्हियातले सान हावियेर घ्या. १६९१ सालच्या शेवटच्या दिवशी होसे दे आर्से या पाद्र्याने चिकितोस प्रदेशात हे गाव वसवले. तिथल्या मूळ रहिवाशांना गुलामांच्या शिकाऱ्यांची मोठी दहशत होती. पाद्र्यांच्या गावात आसरा मिळे, पण त्याची किंमतही द्यावी लागे. जुने देव, जुनी मोकळी राहणी आणि पुष्कळदा जुने नावही मागे ठेवावे लागे. गाव वसले तरी ते एका जागी स्थिर झाले नाही, त्याच्या जागा बदलत राहिल्या. पुढे मार्टिन श्मिड हा स्विस पाद्री तिथे आला. तो गवई होता, वाद्ये घडवणारा होता आणि गवंडीकामही जाणणारा होता. १७४९ ते १७५२ या काळात त्याने सान हावियेरला मोठ्या लाकडी खांबांचे देऊळ उभे केले. गावातली माणसे व्हायोलिन घडवायला आणि वाजवायला शिकली. १७६७ मध्ये स्पेनच्या राजाने जेझुइटांना आपल्या साऱ्या राज्यातून हाकलून दिले. पाद्री गेले, पण त्या भागातल्या गावकऱ्यांनी गाण्याबजावण्याच्या वह्या जपल्या. विसाव्या शतकात देवळांची दुरुस्ती चालू असता या स्वरलिपीची हजारो पाने उजेडात आली. १९९० मध्ये युनेस्कोने या गावासह चिकितोसची सहा गावे जागतिक वारशात घेतली. शिकवणारे निघून गेल्यावरही ती विद्या शिकणाऱ्यांनी सांभाळली, ही गोष्ट शिक्षकबंधूंनी ध्यानात घेण्यासारखी आहे.

पण सगळीकडची कथा अशी गोड नाही. अर्जेंटिनाच्या सांता फे प्रांतातले सान हावियेर १७४३ मध्ये मोकोवी लोकांसाठी वसवले गेले. फ्लोरियान पाउके नावाचा पाद्री तिथे अनेक वर्षे राहिला. त्याने मोकोवी लोकांच्या राहणीची केवढी तरी चित्रे काढून ठेवली आहेत. पाद्री गेल्यावर मात्र या लोकांच्या जमिनी हळूहळू दुसऱ्यांच्या ताब्यात गेल्या. १९०४ साली हताश झालेल्या मोकोवींनी गावावर चाल केली. बंदुकांपुढे त्यांचे काही चालले नाही, माणसे मारली गेली. जे गाव त्यांच्यासाठी म्हणून वसवले, त्याच गावात ते परके ठरले. नाव संताचे राहिले, जमीन मात्र राहिली नाही.

आता मेक्सिकोकडे वळू. उत्तर मेक्सिकोत या संताचे नाव नेणारा मुख्य माणूस म्हणजे एउसेबियो किनो. हा इटलीतल्या ट्रेंटोजवळच्या खेड्यातला. तरुणपणी जिवावरच्या आजारातून उठल्यावर त्याने झेवियरचे ऋण म्हणून स्वतःच्या नावात 'फ्रान्सिस्को' जोडले. झेवियरप्रमाणे आपणही पूर्वेला, चीनला जावे, ही त्याची मनापासूनची इच्छा. पण दोघा पाद्र्यांत एकाला पूर्वेकडे आणि एकाला मेक्सिकोला जायचे होते. चिठ्ठ्या टाकल्या, आणि किनोच्या वाट्याला मेक्सिको आला! तो माणूस खचला नाही. घोड्यावर बसून त्याने तो वाळवंटी मुलूख पालथा घातला, लोकांना गव्हाचे बियाणे आणि गुरे दिली, नकाशे काढले. कॅलिफोर्नियाचा खालचा भाग बेट नसून जमिनीला जोडलेला आहे, हे त्याने फिरून दाखवून दिले. चीनला जायचे राहून गेले, तेव्हा त्याने आपल्या आवडत्या संताचे नावच वाळवंटात नेले.

१६९२ मध्ये किनो ओओदाम लोकांच्या एका गावी गेला. गावाचे नाव वाक. वाळूत गुप्त झालेली नदी जिथे पुन्हा वर येते, पाणी दिसते, ती जागा, असा त्याचा अर्थ. कोरड्या मुलखात राहणाऱ्या माणसाला त्या नावाचे मोल वेगळे सांगायला नको. किनोने त्या गावाला संताचे नाव दिले, पण जुने नाव पुसले गेले नाही. त्या ठिकाणाला आजही 'सान शावियेर देल बाक' म्हणतात. 'बाक' म्हणजेच ते वाक. आज तिथे दिसते ते पांढरेशुभ्र देऊळ १७८३ ते १७९७ या काळात फ्रान्सिस्कन पाद्र्यांच्या देखरेखीखाली बांधले गेले. त्याचा एक मनोरा अजून अपुराच आहे. पुढे १८५४ मध्ये हा मुलूख मेक्सिकोकडून अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांकडे आला आणि आज तो ॲरिझोना राज्यात मोडतो. राज्ये तीन झाली, नाव एकच राहिले.

समुद्राच्या खाडीपलीकडे, कॅलिफोर्नियाच्या खालच्या द्वीपकल्पात, १६९९ मध्ये आणखी एक ठाणे निघाले. त्याचे पूर्ण नाव 'सान फ्रान्सिस्को हावियेर दे बिगे-बियाउन्दो'. यातला शेवटचा भाग कोचिमी लोकांच्या भाषेतला. डोंगराच्या कुशीत दगडी देऊळ आजही उभे आहे, जवळ जुनी ऑलिव्हची झाडे आहेत. पण युरोपातून आलेल्या रोगांनी कोचिमी लोकांचा फार मोठा संहार केला, आणि त्यांची भाषा आज कोणी बोलत नाही. भाषा मेली, तरी तिचे दोन शब्द गावाच्या नावाला शेपटासारखे चिकटून राहिले. चिलीतही तेच. तिथले सान हावियेर हे 'लोंकोमिल्या'चे. स्थानिक मापुचे भाषेत 'लोंको' म्हणजे डोके किंवा मुखिया, आणि 'मिल्या' म्हणजे सोने. संताचे नाव पुढे आणि मूळ रहिवाशांचा शब्द मागे, अशी ही जोडनावे आहेत. आपण घाईत पुढचा भाग तेवढा वाचतो, पण अर्धा इतिहास मागच्या भागात असतो.

नाव एकदा रुजले की ते नवे धनीही शोधते. उरुग्वेतले सान हावियेर १९१३ साली वसले, आणि ते वसवले रशियातून धर्मछळाला कंटाळून आलेल्या शेतकऱ्यांनी! स्पॅनिश भाषेचा देश, बास्क गढीचे नाव आणि राहणारे रशियन. सूर्यफुलाची शेती या देशात आपण आणली, हे तिथले लोक आजही अभिमानाने सांगतात.

मेक्सिकोतल्या मागदालेना या गावची गोष्ट तर सर्वांत नवलाची. १७११ च्या मार्च महिन्यात किनो तिथे आला तो झेवियरच्या नावाच्या एका छोट्या देवळाची प्रतिष्ठा करायला, आणि तिथेच त्याला मृत्यू आला. १९६६ मध्ये त्याची हाडे तिथे सापडली. आज त्या गावी झेवियरची आडवी, निजलेली मूर्ती आहे. दरवर्षी हजारो माणसे पायी चालत येतात, मूर्तीचे डोके हलकेच उचलून पाहतात, नवस फेडतात. पण ही जत्रा भरते ४ ऑक्टोबरला. झेवियरचा दिवस ३ डिसेंबर. ४ ऑक्टोबर हा असिसीच्या फ्रान्सिसचा, म्हणजे दुसऱ्याच संताचा दिवस! जेझुइट गेल्यावर फ्रान्सिस्कन आले, त्यांनी आपल्या संताचा दिवस आणला. लोकांनी दिवस नवा घेतला आणि मूर्ती जुनीच ठेवली. पंडितांना हा घोटाळा वाटेल. पण मला वाटते, संत त्या दिवशी खऱ्या अर्थाने लोकांचा झाला. त्याला आणणारे गेले, तारीख बदलली, तरी लोकांनी त्याला सोडले नाही.

गोव्यातही या नावाच्या दोन बाजू आहेत. तिथे धर्मन्यायालय आणावे अशी विनंती झेवियरने १५४६ च्या पत्रात पोर्तुगालच्या राजाला केली होती. ते न्यायालय त्याच्या मृत्यूनंतर, १५६० मध्ये आले आणि त्याने लोकांचा फार छळ केला. हे इतिहासाने विसरता कामा नये. आणि त्याच गोव्यात डिसेंबरच्या फेस्ताला केवळ ख्रिस्तीच नव्हे तर हिंदूही त्याच्या शवपेटीपुढे मेणबत्ती लावतात, हेही तितकेच खरे. गावाच्या नावातही असेच आहे. जबरदस्ती आहे, आसरा आहे, तोटा आहे आणि माणसांची माया आहे. यातले एकच काय ते उचलून बाकीचे झाकणे बरे नाही.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. भूगोलाच्या तासाला मुलांना हे सान हावियेर नकाशावर शोधायला सांगावे. गोव्यापासून त्या गावांकडे दोरा ताणायला लावावा. आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारावा : हे नाव पडण्यापूर्वी इथले लोक या जागेला काय म्हणत होते? काही ठिकाणी उत्तर सापडेल, 'वाक'सारखे, पाण्याची आठवण ठेवणारे. काही ठिकाणी सापडणार नाही. जिथे सापडणार नाही, तिथे काय हरवले ते मुलांना आपोआप कळेल.