जुन्या स्पोर्ट्स मोटारींचा जीर्णोद्धार : रंग, रूप आणि पुरावा

जुनी, नामांकित स्पोर्ट्स मोटार विकत घेणाऱ्या मालकापुढे प्रारंभीच एक प्रश्न उभा राहतो. फिकट झालेले, तडे गेलेले रोगण खरवडून गाडी नव्याने रंगवावी, की आहे तशीच राखावी? इंजिन, ब्रेक वा आसने बदलून ती सोयीची करून घ्यावी, की मूळ रचनेस हात लावू नये? वरकरणी हा हौसेचा व ऐपतीचा प्रश्न वाटतो. वस्तुतः तो ऐतिहासिक पुराव्याचा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर बहुधा काही आठवड्यांतच, इतिहासाशी फारसा संबंध नसलेल्या व्यक्तीकडून दिले जाते.

ह्या वादाची बीजे वास्तुशास्त्रात आहेत. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधील व्हियोले-ल-द्यूक याने जीर्ण वास्तूंना पूर्णत्व देण्याचा पुरस्कार केला. उलट इंग्लंडमध्ये रस्किनने १८४९ साली जीर्णोद्धार म्हणजे वास्तूचा समूळ नाश असे प्रतिपादिले. त्याच विचाराने विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये प्राचीन वास्तूंच्या संरक्षणासाठी संस्था स्थापिली. पुढे १९६४ च्या व्हेनिस सनदेने दोन तत्त्वे स्पष्ट केली : जेथे तर्काला आरंभ होतो तेथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे, आणि वास्तूवर उमटलेल्या सर्व कालखंडांच्या खुणांचा मान राखला पाहिजे.

मोटारींच्या क्षेत्रात मात्र दीर्घकाळ व्हियोले-ल-द्यूकचाच पक्ष प्रबळ राहिला. कॅलिफोर्नियातील पेबल बीच येथे १९५० पासून सुरू झालेल्या प्रदर्शनासारख्या स्पर्धांत निर्दोष झळाळीला मान मिळू लागला. परिणामी अनेक गाड्या कारखान्यातून निघाल्या तेव्हा होत्या त्याहूनही गुळगुळीत झाल्या. अशी गाडी देखणी असते, परंतु ती स्वतःविषयी फारसे सांगत नाही. कारखान्याच्या नोंदवहीतून गाडीचा मूळ रंग, इंजिनाचा क्रमांक व रवानगीची तारीख कळू शकते; पण पत्रा कोठे ठोकून सरळ केला, शर्यतीचा क्रमांक कोठे रंगविला होता, दुरुस्ती किती घाईने उरकली, हे सांगणारा साक्षीदार बहुधा रोगणाचा थरच असतो. तो एकदा खरवडला की पुन्हा मिळत नाही.

ह्या जाणिवेचा प्रभाव अलीकडे वाढला आहे. पीटर ब्रॉकने आरेखिलेल्या शेल्बी डेटोना कूपेचा पहिला नमुना १९६४ मध्ये शर्यतीत उतरला. फिलाडेल्फियातील सिमिओन संग्रहालयाने तो नव्याने न रंगविता जतन केला, आणि २०१४ मध्ये अमेरिकेच्या ऐतिहासिक वाहनांच्या राष्ट्रीय नोंदवहीत पहिली नोंद त्याचीच झाली. पॅरिस येथे फेब्रुवारी २०१५ च्या लिलावात, एकेकाळी नट आलँ दलाँ याच्याजवळ असलेली १९६१ ची फेरारी धुळीसकट विक्रीस आली आणि सुमारे १ कोटी ६३ लाख युरोंस गेली. धूळ हाच पुरावा असे अर्थातच नव्हे. तथापि अस्पर्शित अवस्थेचे मोल बाजारानेही ओळखले, एवढे त्यावरून दिसते.

परंतु ‘काहीही बदलू नये’ हा नियमही इतिहासास पुरत नाही. बेंटली कंपनीच्या ‘ओल्ड नंबर वन’ ह्या गाडीने १९२९ व १९३० अशी सलग दोन वर्षे ल माँची शर्यत जिंकली. शर्यतीच्या धकाधकीत तिचे भाग सतत बदलले गेले. १९३२ मध्ये तिच्यात आठ लिटरचे इंजिन होते, आणि त्याच वर्षी ब्रुकलँड्स येथील अपघातात तिचा चालक क्लाइव्ह डन्फी मरण पावला. १९९० मध्ये तिच्या विक्रीवरून लंडनच्या न्यायालयात खटला उभा राहिला. ही मूळ गाडीच नव्हे, असे ग्राहकाचे म्हणणे होते. न्यायमूर्ती ऑटन यांनी ‘मूळ’ आणि ‘अस्सल’ यांत भेद केला. १९२९ चे फारच थोडे शिल्लक असले, तरी बदल अखंड क्रमाने होत गेल्यामुळे गाडीची ओळख तुटली नाही, म्हणून ती अस्सल होय, असा त्यांनी निर्णय दिला.

ह्या निर्णयातून निष्पन्न होणारा भेद महत्त्वाचा आहे. गाडी आपल्या कर्तृत्वाच्या काळात बदलली, तर तो बदल तिच्या चरित्राचा भाग असतो. ती इतिहासजमा झाल्यावर चरित्र ‘शुद्ध’ करण्यासाठी केलेला बदल हे संपादकाचे प्रक्षिप्त होय. ‘ओल्ड नंबर वन’ला १९२९ च्या रूपात परत नेणे म्हणजे १९३२ ची साक्ष पुसणे.

तथापि गंज स्वस्थ बसत नाही, आणि मोटार चालण्यासाठीच घडविलेली असते. म्हणून हात न लावणे हाही तटस्थ निर्णय नव्हे. आंतरराष्ट्रीय वाहनसंघाच्या तूरिन सनदेत व्हेनिसच्या तत्त्वांना मोटारींस लागू करताना वाहनाच्या वापरालाही स्थान दिले आहे. त्या विचारास अनुसरून मालकाने प्रथम गाडीची तपशीलवार नोंद करावी, गंज रोखावा, सुरक्षिततेसाठी बदल करणे भागच असेल, तर तो पूर्ववत करता येईल असाच करावा आणि काढलेला भाग जपून ठेवावा. रंग पूर्वीच बदलला गेला असेल व खाली मूळ थर उरला नसेल, तर नव्याने रंगविण्यात फारशी हानी नाही. मूळ थर शिल्लक असेल, तर मात्र त्यावरील मालकी विकत घेता येते, त्याचा पुरावा पुन्हा विकत घेता येत नाही.