नापसंतीचा परवाना

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले वाडवडील सांगत आले. ही म्हण ज्या कोणा अनुभवी गृहस्थाने रचली, त्याला चुना, वीट आणि गवंडी यांचा जाच पुरेपूर झाला असेल. पण महापालिकेच्या इमारत खात्याचा जिना काही त्याला चढावा लागला नसावा. लागला असता तर म्हणीला आणखी एक चरण जोडल्यावाचून तो राहिला नसता!

मुंबईत घर बांधू इच्छिणाऱ्याच्या हाती पडणाऱ्या पहिल्या कागदाचे नावच मोठे मजेदार आहे. त्याला म्हणतात 'इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल', म्हणजे चक्क 'नापसंतीची सूचना'. घरात पेढे वाटावेत आणि कागदावर नापसंती लिहिलेली असावी, हा काय प्रकार? याचे मूळ १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यात आहे. घर बांधणाऱ्याने आपला इरादा आयुक्तांना कळवावा; तीस दिवसांत त्यांनी नापसंती कळवली नाही, तर खुशाल काम सुरू करावे, अशी ती योजना. मौन हेच संमतीचे लक्षण! तेव्हा सरकारने तोंड उघडायचे ते मुख्यतः 'नाही' म्हणण्यासाठी. पुढे रिवाज असा पडला, की अटींची लांबलचक यादी जोडलेली ही नापसंतीच परवानगीची पहिली पायरी होऊन बसली.

परंतु घर आमचे, जागा आमची, मग विचारायचे कशाला? या प्रश्नाचे उत्तर मुंबईला फार कठोरपणे मिळाले. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकॅसिओ व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय वैद्याने प्लेगचे निदान केले. एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या, उजेड-वाऱ्याला पारख्या चाळींत रोगाने थैमान घातले. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली, आणि त्या संस्थेच्या कारभारात साडेत्रेसष्ट अंशांचा एक नियम पुढे आला. ट्रस्टचे जे. पी. ऑर त्याचे मोठे पुरस्कर्ते. ऐकायला तो भूमितीचा सिद्धांत वाटेल, पण अर्थ अगदी घरगुती आहे. समोरची भिंत जेवढी उंच, निदान तिच्या निम्मे तरी अंतर मध्ये मोकळे असावे, म्हणजे तळमजल्यावरच्या खोलीतही आभाळाचा तुकडा दिसेल. परवाना म्हणजे शेजाऱ्याच्या वाट्याच्या उजेडाची राखण होय, ती नुसती सरकारी अडवणूक नव्हे, हे या एका कोनावरून ध्यानात यावे.

पुढे १९६६ चा नगररचनेचा कायदा साऱ्या राज्याला लागू झाला आणि नियमांबरोबर फायलीही वाढत गेल्या. निळ्या कागदावर पांढऱ्या रेघांचे नकाशे, लाल फितीत बांधलेले गठ्ठे, या मेजावरून त्या मेजावर होणारा त्यांचा संथ प्रवास! अग्निशमन, पाणी, मलनिःसारण, वृक्ष अशा प्रत्येक खात्याचा होकार वेगळा. आणि गंमत अशी, की ज्याला त्या घरात जन्म काढायचा, त्या भाडेकरूला वा खरेदीदाराला तो नकाशा सहसा कधी दिसतच नसे.

या शतकाच्या पहिल्या दशकात पुणे महापालिकेत नकाशे तपासायला संगणक आला. वास्तुशिल्पकाराने भिंत, जिना, खिडकी, मोकळी जागा यांच्या रेघा ठरावीक थरांत काढून द्यायच्या. यंत्र त्यांची मापे घेते, नियमांशी ताडून पाहते आणि चुका दाखवते. मग मुंबईतही अर्ज, शुल्क आणि सह्या यंत्रावर आल्या. जागतिक बँकेच्या उद्योगसुलभतेच्या यादीत बांधकाम परवान्यांच्या बाबतीत भारत २०१७ मध्ये १८१ वा होता, तो २०१९ मध्ये २७ वा झाला. मात्र ही पाहणी मुंबई-दिल्लीपुरती होती, आणि आकड्यांतील गैरप्रकारांमुळे बँकेने ती यादीच २०२१ मध्ये बंद केली.

वेग वाढला, हे चांगलेच झाले. पण यंत्र वाचते तो नकाशा, भिंत नव्हे. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शीळफाटा येथे एक इमारत कोसळली आणि ७४ माणसे गेली. ती परवानगीवाचूनच उभी राहिली होती. जो विचारायलाच येत नाही, त्याला यंत्र नाही कसे म्हणणार? तेथे पाहिजेत ते जागेवर जाऊन पाहणारे डोळे.

दुसरा प्रकार याहून चलाखीचा. गृहप्रकल्पांची नोंदणी करणारे महारेरा प्राधिकरण २०१७ मध्ये सुरू झाले. कल्याण-डोंबिवलीतील ६५ इमारतींसाठी पालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून ही नोंदणी मिळवल्याचे उघडकीस आले, आणि २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. आयुष्याची पुंजी ओतून, कर्जाचे हप्ते भरत राहिलेली कुटुंबे त्या घरांत होती. एका कचेरीच्या नावाचा खोटा कागद दुसऱ्या कचेरीच्या यंत्रात शिरला, आणि पहिलीला 'हा तुमचाच ना?' असे कोणी विचारले नाही. परवानगी थेट पालिकेकडून पडताळून घेण्याची व्यवस्था पुढे झाली. पण तोवर संसार थाटून झाले होते.

म्हणून आम्हांस वाटते, यंत्राचा खरा उपकार घाईत नसून उघडेपणात आहे. शंभर वर्षे गठ्ठ्यात झाकलेला कागद कोणाही गृहिणीला घरबसल्या पाहता यावा, खोटा असेल तर तिथल्या तिथे ओळखता यावा, हा तो उपकार. १ ऑगस्ट २०२३ पासून नव्या प्रकल्पांच्या जाहिरातींवर चौकटीचा कोड छापणे बंधनकारक झाले, तेही याच वाटेवरचे पाऊल.

वाचकहो, दिवाळीच्या मुहूर्तावर आपल्यापैकी कितीजण नव्या घराचे बयाणे देतील! दारावर तोरण बांधण्याआधी त्या घराचा परवाना एकदा अवश्य उघडून पाहा. त्यावर नापसंती लिहिलेली आढळली तर दचकू नका. तिच्या अटी पुऱ्या झाल्या आहेत की नाहीत, एवढे मात्र नीट विचारा.