होडीसाठी पहिला फिश फाइंडर घेताय? मासा नंतर, आधी तळ बघा

मालवण : १ जून ते ३१ जुलै समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारलेल्या असतात, जाळी दुरुस्तीला निघतात आणि पुढच्या हंगामात काय घ्यायचं याचा हिशोब याच दोन महिन्यांत होतो. ट्रॉलर आणि पर्ससीनवर फिश फाइंडर जुना झाला. आता आऊटबोर्ड मशीनवर चालणाऱ्या लहान फायबर होडीचे मालकही तो घ्यायचा विचार करतात. मात्र दुकानातला मोठा रंगीत पडदा बघून यंत्र घेतलं आणि हंगामभर ते नुसतं डब्यात पडून राहिलं, असं होऊ नये. त्यासाठी खरेदीआधी काही गोष्टी समजून घ्यायला हव्यात.

यंत्र काम कसं करतं?

फिश फाइंडरचे दोन भाग. एक होडीवरचा पडदा आणि दुसरा पाण्यात बसणारा ट्रान्सड्यूसर. ट्रान्सड्यूसर खाली आवाजाच्या लहरी सोडतो. त्या तळावर किंवा माशावर आपटून परत येतात आणि परत यायला लागलेल्या वेळेवरून यंत्र खोली काढतं. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो. म्हणजे ३० मीटर खोल तळाचा प्रतिध्वनी सेकंदाच्या पंचविसाव्या भागात परत येतो.

मासा दिसतो तो मुख्यतः त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीमुळे. मुशीला ही पिशवी नसते. माकूळ आणि कोळंबीलाही नसते. त्यामुळे ती पडद्यावर फिकी दिसतात किंवा दिसतच नाहीत. मासा कोणत्या जातीचा आहे हे कोणतंही यंत्र सांगत नाही. ते तांडेलाच्या अनुभवावरूनच ओळखावं लागतं.

जपानच्या फुरुनो कंपनीने १९४८ मध्ये मासेमारीसाठी असं यंत्र पहिल्यांदा बाजारात आणलं. त्यानंतर पडदे बदलले, पण कामाची पद्धत तीच राहिली.

लहान होडीला खरा फायदा कशाचा?

फिश फाइंडर म्हटलं की सगळ्यांच्या डोक्यात मासा येतो. पण लहान होडीला पहिला फायदा होतो तो तळ कळण्याचा. मालवणसमोर पाण्याखाली खडकच खडक आहेत. अंदाज चुकून जाळं खडकात अडकलं, तर त्या दिवसाची मासळी जाते आणि जाळंही जातं. यंत्र नीट वाचता आलं तर जाळं टाकायच्या आधीच खाली खडक आहे की चिखल, हे कळतं.

कठीण तळ पडद्यावर ठळक आणि जाड दिसतो. बऱ्याचदा त्याच्या खाली दुप्पट खोलीवर तळाची दुसरी रेघही उमटते. चिखलाचा तळ फिका असतो आणि दुसरी रेघ सहसा उमटत नाही. जीपीएस जोडलेलं यंत्र असेल तर खडकाची जागा खूण करून ठेवता येते. एकदा जाळं फाटलं त्या जागी पुन्हा फाटत नाही. म्हणून पहिलं यंत्र जीपीएससह घेतलेलं बरं.

वॅटचा घोळ

सगळ्यात जास्त फसवणूक वॅटच्या आकड्यात होते. जाहिरातीत '४००० वॅट' लिहिलेलं असतं. हा आकडा बहुतेक वेळा 'पीक टू पीक' असतो. खरी ताकद 'आरएमएस' वॅटमध्ये मोजतात आणि ती पीक टू पीकच्या साधारण आठवा भाग असते. म्हणजे ४००० वॅटचं यंत्र खरं तर ५०० वॅटचं. दोन यंत्रांची तुलना करायची तर दोन्हींचे आरएमएस आकडे विचारावेत.

२०-३० वावांच्या आत मासेमारी करणाऱ्या होडीला ३०० ते ६०० वॅट आरएमएस पुरते. त्यापेक्षा जास्त ताकदीसाठी पैसे मोजायची गरज नाही.

५० की २०० किलोहर्ट्झ?

लहर जितकी कमी किलोहर्ट्झची, तितकी ती खोल जाते आणि साधारणपणे पसरतेही जास्त, पण बारकावे कमी दाखवते. २०० किलोहर्ट्झची लहर अरुंद असते आणि उथळ पाण्यात स्वच्छ चित्र देते. किनाऱ्याजवळच्या कामाला २०० लागतेच. ५० आणि २०० दोन्ही असलेलं यंत्र मिळालं तर उत्तम.

लहरींचा झोत बॅटरीच्या उजेडासारखा खाली पसरत जातो. झोत २० अंशांचा असेल तर १० मीटर खोलीवर तो साडेतीन मीटर रुंदीची जागा बघतो आणि ३० मीटरवर साधारण साडेदहा मीटर. त्याच्या बाहेरचा मासा यंत्राला दिसत नाही.

पडदा वाचताना होणाऱ्या चुका

पहिली चूक : पडद्यावर डावीकडे मासा दिसला म्हणून होडी डावीकडे वळवणे. पडद्याची उजवी कड म्हणजे आत्ताचा क्षण. डावीकडे सरकत गेलेलं चित्र मागे राहिलेल्या पाण्याचं असतं. त्यावरून माशाची दिशा कळत नाही.

दुसरी चूक : माशाच्या चित्रावर विश्वास ठेवणे. 'फिश आयडी' चालू असलं की यंत्र बुडबुड्याला किंवा तरंगत्या कचऱ्यालाही माशाचं चित्र लावतं. ते बंद ठेवून मूळ खुणा बघायला शिकावं. चालत्या होडीतून एकटा मोठा मासा कमानीसारखा दिसतो, तर थवा ढगासारखा. होडी नांगरलेली असेल आणि मासाही एका जागी असेल तर कमान न येता लांब आडवी रेघ येते.

नांगर टाकून गरवणाऱ्यांना 'फ्लॅशर' पद्धत सोयीची आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात आणि कॅनडात थंडीत तलाव गोठतात. तिथे बर्फाला भोक पाडून गरी सोडतात आणि शेजारी गोल तबकडीचा फ्लॅशर ठेवतात. तो मागचं काही दाखवत नाही, फक्त या क्षणी खाली काय आहे तेवढं दिव्यांच्या पट्ट्यांनी दाखवतो. आपल्याकडे त्यासाठी वेगळं यंत्र घ्यायची गरज नाही. बऱ्याच फिश फाइंडरमध्ये उजव्या कडेला अशीच उभी पट्टी सुरू करता येते. सेटिंगमध्ये तिचं नाव 'फ्लॅशर' किंवा 'ए-स्कोप' असतं.

बसवणं चुकलं तर यंत्र वाया

चांगलं यंत्रही ट्रान्सड्यूसर चुकीच्या जागी बसला की निकामी ठरतं. पाण्यातले बुडबुडे हा त्याचा मोठा शत्रू. ट्रान्सड्यूसर होडीच्या मागच्या फळीवर, पंख्यापासून किमान सव्वा फूट लांब आणि होडीच्या तळापेक्षा किंचित खाली बसवावा.

वाळूवरून ओढून वर घेतल्या जाणाऱ्या होडीत हाच भाग सगळ्यात आधी मोडतो. म्हणून वर उचलता येणारी किंवा काढून ठेवता येणारी पट्टी लावून घ्यावी. होडी भरीव फायबरची असेल तर ट्रान्सड्यूसर आतून तळाला चिकटवताही येतो, पण चिकटवताना मध्ये हवा राहता कामा नये. लाकडी होडीत किंवा फायबरच्या आत फोम असेल तिथे ही पद्धत चालत नाही.

बॅटरी १२ व्होल्टची. यंत्र एक अँपिअर घेत असेल तर १० तासांना १० अँपिअर-तास लागतात. बॅटरी पूर्ण उतरू नये म्हणून २० ची घ्यावी. मशीन सुरू करायची बॅटरी यासाठी वापरू नये. वायरला फ्यूज लावायला विसरू नये.

धरणात आणि शेततळ्यात

धरणात छोट्या होडीवरून मासेमारी करणाऱ्यांसाठी चेंडूएवढा बिनतारी ट्रान्सड्यूसर मिळतो. तो दोरीने पाण्यात टाकायचा आणि चित्र मोबाईलवर बघायचं. धरणात बुडालेल्या झाडांत जाळं अडकतं, ती झाडं त्यावर दिसतात. शेततळ्याला मात्र हा खर्च करू नये. तिथे खोली मोजायला शिसं बांधलेली दोरी पुरते.

हे यंत्र काय करत नाही?

साधा फिश फाइंडर फक्त खाली बघतो, पुढे नाही. खडकाचा किंवा खाडीच्या मुखावरच्या वाळूच्या पट्ट्याचा अलार्म वाजतो तेव्हा होडी त्याच्यावर पोचलेली असते. यंत्र आहे म्हणून अंधारात वेगाने होडी हाणणं जिवावर बेतू शकतं. लाइफ जॅकेट आणि वायरलेसचे पैसे वाचवून फिश फाइंडर घेऊ नये.

यंत्र मासा शोधायला समुद्रभर फिरवतही नाही. त्यासाठी हैदराबादची इन्कॉइस ही केंद्र सरकारची संस्था संभाव्य मासेमारी क्षेत्राची माहिती मराठीतही देते. उपग्रहाने मोजलेलं समुद्राचं तापमान आणि हरितद्रव्य यावरून ती काढतात. त्यात बंदरापासूनचं अंतर, दिशा आणि खोली दिलेली असते. तिथे पोचल्यावर फिश फाइंडरचं काम सुरू होतं.

आणि फिश फाइंडर म्हणजे एलईडी नव्हे. दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली आहे. हे यंत्र मासा ओढून आणत नाही, फक्त दाखवतं.

दुकानात जाताना

- आरएमएस वॅट किती?
- ट्रान्सड्यूसर किमतीत धरलाय का? तो खाऱ्या पाण्यासाठी आहे का?
- खोली 'फॅदम'मध्ये दिसते का? एक फॅदम म्हणजे सहा फूट, आपल्या वावाएवढाच.
- पडदा उन्हात दिसतो का? दुकानाबाहेर नेऊनच बघावा.
- आयपीएक्स-७ आहे का? म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास पडलं तरी आत पाणी जात नाही.
- पक्कं बिल, वॉरंटी आणि दुरुस्ती कुठे?
- अनुदानाची एखादी योजना चालू आहे का, हे बिल करण्याआधी मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात विचारावं.

नवं यंत्र बसवल्यावर पहिल्याच दिवशी मासा शोधायला जाऊ नये. ज्या जागेचा तळ वाडवडिलांपासून माहीत आहे, तिथे आधी होडी न्यावी. शिसं बांधलेली दोरी सोडून खोली मोजावी आणि पडद्यावरच्या आकड्याशी ताडून बघावी. माहीत असलेला खडक आणि माहीत असलेला चिखल पडद्यावर कसा दिसतो, हे डोळ्यात बसलं की अनोळखी पाणीही वाचता येतं.