झटकलेली धूळ

माझी आजी धुणं भिजत घालायच्या आधी प्रत्येक कपडा गॅलरीत जोरात झटकायची. आजोबांचा शर्ट झटकला की कारखान्याची धूळ उडायची, आणि मी त्या धुळीत उन्हाची तिरीप कशी दिसते ते बघत बसायचो. सुदैवाने त्यांचा कारखाना साध्या लोखंडी नटबोल्टांचा होता, त्यामुळे या गोष्टीला पुढे काही नाट्य नाही. पण जगाच्या दुसऱ्या टोकाला हेच, अगदी हेच काम करणाऱ्या काही बायका चाळीस वर्षांनी त्यापायी मेल्या. त्यांच्याविषयी गेले तीन-चार वीकेंड वाचतोय, आणि डोक्यातून जात नाहीये. म्हणून आज लिहायला बसलो.

आजाराचं नाव मेसोथेलिओमा. फुफ्फुसावर (कधी पोटाच्या पोकळीत) जे पातळ आवरण असतं, त्याचा कॅन्सर. बहुतेक वेळा कारण एकच, ॲस्बेस्टॉस. त्याचे तंतू इतके बारीक की श्वासावाटे आत जातात आणि तिथेच राहतात. आणि सगळ्यात भयंकर म्हणजे याची घाई नसते. धूळ आज आत जाते, आजार तीस, चाळीस, कधी पन्नास वर्षांनी दिसतो. निदान झाल्यावर मात्र बहुतेकांच्या हातात वर्ष-दीड वर्षच उरतं.

आता कायद्याच्या बाजूने विचार करा. गुन्हा १९४५ सालचा, पुरावा १९९० साली, आणि फिर्यादीकडे वेळ बारा महिने. आपल्या भाषेत सांगायचं तर असा बग की जो प्रॉडक्शनमध्ये चाळीस वर्षांनी फुटतो, तोपर्यंत कोड लिहिणारे रिटायर झालेले असतात आणि लॉग कुणीतरी पुसलेले असतात.

*

सुरुवात नेली कर्शॉपासून करायला हवी. तिला मेसोथेलिओमा नव्हता, ॲस्बेस्टॉसिस होता, म्हणजे याच धुळीने फुफ्फुसं कडक होण्याचा आजार. पण पुढचं सगळं तिथून सुरू होतं.

नेली इंग्लंडमधल्या रॉचडेल गावात टर्नर ब्रदर्सच्या कारखान्यात ॲस्बेस्टॉसचा धागा काढायचं काम करायची. १९२२ मध्ये तिला काम करणं अशक्य झालं. डॉक्टरांनी सर्टिफिकेटवर लिहिलं, ॲस्बेस्टॉसमुळे विषबाधा. झालं! आजारपणाच्या विम्यावाल्यांनी हात वर केले, कारण आजार कामामुळे झालाय, मग कंपनीने द्यावं. कंपनी म्हणाली, कायद्याच्या यादीत असा आजारच नाही, मग आम्ही का द्यावं? नेलीने कंपनीला पत्र लिहून कळवलं की नऊ आठवडे घरी आहे आणि एक पेनीसुद्धा मिळालेली नाही. १४ मार्च १९२४ ला ती गेली. वय ३३. रॉचडेलच्या स्मशानात तिच्या थडग्यावर दगडसुद्धा नव्हता.

डॉ. विल्यम कुक यांनी तिची फुफ्फुसं तपासली आणि त्याच वर्षी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलं. त्यानंतर सरकार हललं. १९३० मध्ये मेरिवेदर आणि प्राइस यांनी ३६३ कामगार तपासून अहवाल दिला, त्यात चारातल्या एकापेक्षा जास्त लोकांच्या फुफ्फुसात हा आजार निघाला. १९३१ मध्ये कारखान्यातल्या धुळीसाठी नियम झाले.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल. नियम झाले ते कारखान्याच्या *आतल्या* धुळीसाठी. भिंतीपलीकडचं जग आऊट ऑफ स्कोप.

*

भिंतीपलीकडे कोण होतं? बायका आणि मुलं.

१९६० साली दक्षिण आफ्रिकेत डॉ. वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी मेसोथेलिओमाच्या ३३ रुग्णांचा अभ्यास छापला. त्यातले कित्येक खाणीत कधी उतरलेच नव्हते, नुसते खाणींच्या आसपास राहिले होते. मग १९६५ मध्ये लंडनला मुरिएल न्यूहाउस आणि हिल्डा थॉम्पसन या दोन बायकांनी एका हॉस्पिटलच्या जुन्या नोंदी उपसल्या. रुग्णांचे नातेवाईक शोधले आणि साधे प्रश्न विचारले. कुठे राहायचात? घरातलं कोण कुठे कामाला होतं? उत्तरात नऊ जण असे निघाले की ज्यांचा संबंध एवढाच, की घरचं माणूस ॲस्बेस्टॉसमध्ये कामाला. त्यात बहुतेक बायका, नवऱ्याचे कामाचे कपडे झटकून धुणाऱ्या. आणखी अकरा जण कारखान्यापासून अर्ध्या मैलाच्या आत राहिलेले. ३१ ऑक्टोबर १९६५ च्या संडे टाइम्समध्ये ही बातमी आली आणि सगळ्यांना कळलं.

चांगलं झालं ना? हो, पण कायद्याने याच तारखेची एक भिंत बांधली. ब्रिटिश कोर्टाचा प्रश्न असा असतो की त्या काळी मालकाला धोका *दिसायला हवा होता* का? उत्तर ठरलं की कपडे धुणाऱ्या बायकोला धोका आहे हे १९६५ च्या ऑक्टोबरअखेरीस माहीत झालं, त्याआधी नाही.

या भिंतीवर एक केस आपटली ती मॅग्वायर बाईंची. नवरा लिव्हरपूलला हारलँड अँड वुल्फ कंपनीत जहाजदुरुस्तीला, १९६१ ते १९६५. संध्याकाळी धुळीने माखून यायचा, बाई कपडे धुवायच्या. खालच्या कोर्टात निकाल त्यांच्या बाजूने लागला, पण २००५ मध्ये अपील कोर्टाने दोन विरुद्ध एक मताने तो फिरवला. तेव्हा बाई हयातही नव्हत्या. तिसऱ्या न्यायाधीशांचं म्हणणं होतं की इतकी धूळ घरी येतेय हे दिसत असताना कंपनीने विचार करायला हवा होता. मला ते पटतं. पण कायद्यात आपल्याला काय पटतं याला किंमत नसते. असो.

*

आता जून हॅनकॉक. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सगळ्यात मोठी केस.

लीड्स शहरात आर्मली नावाची कामगारवस्ती. मधोमध जे. डब्ल्यू. रॉबर्ट्सचा ॲस्बेस्टॉसचा कारखाना, भोवती लालविटांच्या घरांच्या रांगा, जवळच शाळा. ही कंपनी १९२० पासून टर्नर अँड न्यूअल गटात, म्हणजे नेलीच्याच मालकांकडे. कारखान्याची धूळ पंख्यांनी बाहेर रस्त्यावर फेकली जायची. वस्तीतली मुलं त्या निळसर-पांढऱ्या धुळीचे बर्फासारखे गोळे करून एकमेकांना मारायची, माल उतरवायच्या जागी ठेवलेल्या पोत्यांवर उड्या मारायची. जून त्यातलीच एक. तिने तिथे एक दिवसही नोकरी केली नाही. कारखाना १९५०च्या दशकाच्या शेवटी बंद झाला आणि सगळे विसरले.

१९८२ मध्ये जूनची आई मेसोथेलिओमाने गेली. जूनने आईचं सगळं केलं होतं. १९९४ मध्ये तिला स्वतःला धाप लागायला लागली तेव्हा काय आहे हे तिला डॉक्टरांच्या आधी कळलं असणार.

तिने केस करायची ठरवली. आर्मलीतल्याच आर्थर मार्गरसन यांची विधवा एव्हलिन तिच्या जोडीला होती. समोर अब्जावधींची कंपनी, बचाव सोपा: या बाई आमच्या कामगार नाहीत, आमचं यांच्याशी देणंघेणं नाही, आणि त्या काळी कुणाला काय माहीत होतं?

इथे कथेत एक मजेशीर वळण आहे. न्यूयॉर्कच्या चेस मॅनहॅटन बँकेने आपल्या टॉवरमधल्या ॲस्बेस्टॉसबद्दल याच कंपनीवर दावा लावला होता. बँकेच्या वकिलांनी मँचेस्टरला कंपनीच्या जुन्या कागदांचा ढीग गाठला आणि लाखो पानांची मायक्रोफिल्म काढली. बँक आपली केस १९९५ मध्ये हरली! पण ते कागद जूनच्या वकिलांच्या कामी आले. कंपनीला धुळीबद्दल काय माहीत होतं आणि केव्हापासून, हे तिच्याच फायलींमध्ये होतं.

२७ ऑक्टोबर १९९५ ला न्या. हॉलंड यांनी निकाल दिला. त्याचं सार माझ्या शब्दांत असं. १९३३ पासून कंपनीला माहीत होतं की ही धूळ श्वासात जाणं घातक आहे. मग कारखान्याच्या भिंतीशी कायद्याची जबाबदारी संपते असं काही नाही. पोत्यांवर खेळणाऱ्या मुलाच्या नाकात जाणारी धूळ आतल्या कामगाराइतकीच दाट असेल, तर त्या मुलाचीही काळजी घ्यायला हवी होती. बचाव पक्षाने केस रेंगाळत ठेवून समोरच्याला दमवायचा प्रयत्न केला, याबद्दलही न्यायाधीशांनी कान उपटले. जूनला ६५,००० पौंड मिळाले, एव्हलिनना ५०,०००. कंपनी अपिलात गेली, एप्रिल १९९६ मध्ये तिथेही हरली.

जून जुलै १९९७ मध्ये गेली. तिच्या नावाचा मेसोथेलिओमा संशोधन निधी आजही आहे.

मॅग्वायर हरल्या आणि हॅनकॉक जिंकली, असं का? दोघीही कंपनीच्या पगारावर नव्हत्या. फरक एवढाच की जूनला सिद्ध करता आलं की ती जिथे होती तिथली परिस्थिती कारखान्याच्या आतल्यासारखीच होती, आणि आतला धोका कंपनीला माहीत होता. धुण्याच्या मोरीबद्दल कोर्टाला तसं वाटलं नाही.

*

त्यानंतर भिंत थोडी थोडी खचत गेली. एनिड कॉस्टेलो बाई एका कारखान्यात ऑफिसचं काम करायच्या, धूळ अगदी थोडी. कंपनी म्हणाली, आमच्यामुळे धोका फक्त १८ टक्क्यांनी वाढला. डायन विलमोर शाळेत शिकत असताना छताच्या टाइल्समधल्या ॲस्बेस्टॉसच्या संपर्कात आली होती. दोघीही निकालाआधी गेल्या, पण २०११ मध्ये ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने दोन्ही केसेसमध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला. या आजारात धोका लक्षात येण्याइतका वाढवला असेल तर जबाबदारी येते, तो दुप्पट झाला हे दाखवायची गरज नाही.

आणि ज्यांच्याकडे दावा लावायला कुणीच नाही त्यांचं काय? १ ऑक्टोबर २००८ पासून ब्रिटनमध्ये एक सरकारी योजना आहे. नवऱ्याचे कपडे धुतले, कारखान्याजवळ राहिलात, स्वतःचा धंदा होता, काहीही असो. संपर्क ब्रिटनमध्ये आला असला आणि निदानापासून बारा महिन्यांत अर्ज केला तर वयानुसार एकरकमी पैसे मिळतात. चूक कुणाची हे सिद्ध करावं लागत नाही. (२०१४ ची दुसरी योजना मात्र नोकरीत संपर्क आलेल्यांसाठीच आहे. पुन्हा पगारपत्रक!) कोर्टात जायचं तर मुदत कळल्यापासून तीन वर्षं.

नेलीपासून मोजलं तर धुणं धुणाऱ्या बाईपर्यंत पोचायला कायद्याला ८४ वर्षं लागली.

*

आता आपल्याकडे. टर्नर अँड न्यूअल हे नाव परकं वाटत असेल तर सांगतो. मुलुंडचा ॲस्बेस्टॉस सिमेंटचा आणि घाटकोपरचा ब्रेक लायनिंगचा कारखाना, दोन्हीकडे याच कंपनीचा हात होता. २००५ मध्ये मुरलीधर आणि कान्हेरे यांनी मुंबईतल्या एका ॲस्बेस्टॉस गिरणीतल्या १८१ कामगारांची पाहणी छापली, २२ टक्क्यांना ॲस्बेस्टॉसिस निघाला. त्यांच्या घरी कपडे कोण धूत होतं हे मी सांगायला नको.

योगायोग बघा, आपल्या सुप्रीम कोर्टाचा ॲस्बेस्टॉसवरचा मोठा निकालही १९९५ चाच, जूनच्या नऊ महिने आधीचा. त्यात कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी कामाला लागल्यापासून ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं ठेवायला सांगितलं आणि आजारी कामगारांना एक लाख रुपये भरपाई ठरवली. निकाल चांगलाच आहे. ४० वर्षांचं महत्त्व तर जूनची केस वाचल्यावर कळतंच. पण शब्द आहे *कामगार*. त्याची बायको त्यात नाही, पत्र्याच्या कारखान्यामागच्या वस्तीतली मुलगी नाही. ब्रिटनने १९९९ मध्ये ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी घातली. आपण आजही आयात करतो, आणि लोकलमधून दिसणारे सिमेंटचे राखाडी पत्रे बऱ्याच अंशी त्याचेच आहेत.

मग करायचं काय? मी वकील नाही, पण इतकं वाचून एक साधी गोष्ट कळली. यातल्या बहुतेक केसेस आठवणींवर उभ्या राहिल्या. कोण कुठे राहिलं, कुणी काय धुतलं, कोणत्या साली. घरातलं कुणी अशा कारखान्यात असेल तर आजच आजीला, आईला विचारा आणि तारखांसकट लिहून ठेवा. डॉक्टरांकडे गेलात तर त्यांनी न विचारता सांगा. बाईला कामाची माहिती विचारताना 'गृहिणी' लिहून पुढे जायची सवय फार जुनी आहे.

मी गेल्या रविवारी आजीला फोन करून विचारलं, "आजोबांचे कपडे कोण धुवायचं गं?" ती हसली. म्हणाली, "कोण म्हणजे? हा काय प्रश्न झाला?"