स्वयंपूर्ण खेडे : लोणी, पिंपळे आणि जावाचा 'देस'

'पूर्वीचे खेडे स्वयंपूर्ण होते' हे वाक्य आम्हां शिक्षकांच्या इतके परिचयाचे आहे की, त्याचा पुरावा मागण्याचे सहसा कोणाला सुचत नाही. ते पाठ्यपुस्तकांत असते, उत्तरपत्रिकांत असते, सभांतील भाषणांत तर असतेच. भोपाळच्या नेहरूनगरासारख्या वस्तीत राहणाऱ्या आम्हां मराठी माणसांना त्याचा मोह विशेष. पूर्वजांचे गाव दोन-तीन पिढ्यांमागे सुटलेले असते आणि मनात उरलेले खेडे अधिकच हिरवे दिसू लागते. हे चित्र कोणी रेखाटले आणि प्रत्यक्ष मोजणी झालेल्या खेड्यांशी ते किती जुळते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या चित्राचा उगम सरकारी दफ्तरात सापडतो. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. १८१९ मध्ये माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने जिंकलेल्या मुलखाविषयीच्या आपल्या अहवालात दख्खनच्या गावाला एका लहानशा राज्याची उपमा दिली. १८३० मध्ये चार्ल्स मेटकाफने उत्तर हिंदुस्थानच्या जमीनमहसुलावरील टिपणात ग्रामसंस्थांना छोटी प्रजासत्ताके म्हटले. त्याच सुमारास पूर्वेकडे, १८११ ते १८१६ या काळात इंग्रजांच्या ताब्यात असलेल्या जावा बेटावर स्टॅम्फर्ड राफल्स हाही गावोगावची जमीन, माणसे आणि पिके यांची माहिती गोळा करीत होता. या सर्वांपुढे प्रश्न एकच होता. सारा कोणाकडून, किती आणि कोणत्या हक्काने घ्यावयाचा? गाव हे एक अखंड, स्थिर आणि स्वतःचा कारभार पाहणारे एकक आहे, असे मानले म्हणजे वसुलीची व्यवस्था सोपी होते. गावाचे सुरेख चित्र पुढे आपल्या देशाभिमानाला उपयोगी पडले. मुळात मात्र ते वसुलीच्या सोयीसाठी काढलेले होते.

सुदैवाने त्याच काळात एका माणसाने एकच गाव घेऊन बारकाईने पाहिले. डॉ. थॉमस कोट्स हा इंग्रज वैद्य. त्याने पुण्याच्या ईशान्येस असलेल्या लोणी गावाची, म्हणजे आजच्या लोणीकंदची, तपशीलवार हकीकत १८२० मध्ये मुंबईच्या विद्वत्सभेपुढे मांडली व ती १८२३ मध्ये छापली गेली. गावाचे क्षेत्र सुमारे ३,६६९ एकर होते, त्यांतील निम्म्याहून थोडे अधिक लागवडीचे आणि उरलेले गायरान. वस्ती साधारण साडेपाचशे. पाटील, कुलकर्णी, चौगुला, बलुतेदार, पिढीजात हक्काचे थळकरी आणि बाहेरून येऊन जमीन कसणारे उपरी हे सर्व तेथे आढळतात. येथवर 'स्वयंपूर्ण' हे विशेषण शोभते. परंतु सारा रोख द्यावा लागत असल्यामुळे धान्य बाजारात नेणे कुणब्याला भाग होते. मीठ आणि लोखंड गावात पिकत नव्हते. मुख्य गोष्ट म्हणजे बहुतेक कुणबी कुटुंबे कर्जात होती. इंग्रजी अंमलाची जेमतेम दोन वर्षे झाली असता हे कर्ज आढळते, तेव्हा त्याचे सारे खापर परकीय राजवटीवर फोडता येत नाही.

नव्या राजवटीने मात्र त्या कर्जाचे स्वरूप पालटून टाकले. १८३६ मध्ये इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट यांच्या मोजणीनुसार तीस वर्षांची जमाबंदी झाली. सारा व्यक्तीवर बसला, जमीन खाजगी मालकीची झाली आणि म्हणूनच ती गहाण पडू लागली. सावकाराच्या हाती आता दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा आला. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली; १८७९ मध्ये सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी संरक्षक कायदा करावा लागला. १८८३ मध्ये महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' पुरा केला, तर १९१५ मध्ये त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' प्रसिद्ध झाला. या दोन ग्रंथांची दृष्टी भिन्न असली, तरी गावाच्या व्यवस्थेचा भार अखेर कुणब्याच्या मानेवर कसा पडतो, हे दोन्हींत दिसते.

गावाच्या पोटात काय चालले होते याचे अंकगणित पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मॅन यांनी १९१७ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांनी पुण्याजवळचे पिंपळे सौदागर हे गाव निवडले. तेथील सरासरी जमीनधारणा १७७१ मध्ये ४० एकर होती. १८१८ मध्ये ती साडेसतरा एकर झाली आणि १९१४-१५ मध्ये अवघी ७ एकर उरली. १५६ खातेदारांची जमीन ७२९ तुकड्यांत विखुरली होती व त्यांतील ४६३ तुकडे एक एकराहूनही लहान होते. याचे कारण वाटणीच्या रीतीत सापडते. भावाभावांत वाटणी होताना कोणावर अन्याय होऊ नये म्हणून काळीचा, माळाचा, विहिरीखालचा असा प्रत्येक जमिनीचा हिस्सा प्रत्येकाला मिळे. घरात तो न्याय होता. परंतु चार पिढ्यांच्या न्यायातून असे तुकडे निर्माण झाले की, त्यांवर औत वळविणेही कठीण व्हावे.

हीच गोष्ट जावात निराळ्या रूपाने घडली. तेथे खेड्याला 'देस' म्हणतात. आपला संस्कृत 'देश' शब्दच तो. देसाचा प्रमुख लुराह. पाणी बांधलेल्या खाचरांत भात पिकते. १८३० पासून डचांनी सक्तीची लागवड सुरू केली; नियमाप्रमाणे गावाने पाचवा हिस्सा जमीन ऊस, नीळ अशा निर्यातीच्या पिकांना द्यावयाची होती. राफल्सच्या मोजणीत सुमारे ४६ लाख भरलेली लोकसंख्या (ही मोजणी अपुरी होती, असे पुढील अभ्यासक मानतात) १९३० मध्ये मदुरा धरून ४ कोटी १७ लाख झाली. भाताच्या खाचराचा गुण असा की, अधिक हात लावले तर ते थोडे अधिक पीक देते. म्हणून जमिनीबरोबर तेथे कामही वाटले गेले. मुठीत मावणाऱ्या 'अनि-अनि' नावाच्या लहान पात्याने एकेक लोंबी खुडावयाची आणि खुडणाऱ्याने आपला वाटा घरी न्यावयाचा, अशी ती रीत. १९६३ मध्ये क्लिफर्ड गीर्ट्झ या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने तिच्या मुळाशी असलेल्या वृत्तीला 'वाटून घेतलेले दारिद्र्य' म्हटले.

दख्खनच्या जिरायत जमिनीत हा गुण नाही. ज्वारीच्या शेतात दोघांऐवजी चौघे राबले म्हणून कणसे दुप्पट येत नाहीत. तेव्हा जावाचा माणूस खाचरातच अधिकाधिक दाटीने सामावला आणि आपला माणूस बाहेर पडला. रत्नागिरी, सातारा, पुणे या जिल्ह्यांतील कुटुंबे मुंबईच्या गिरण्यांतून येणाऱ्या मनीऑर्डरीवर तगली. ज्याला आपण स्वयंपूर्ण गाव म्हणतो, ते अशा रीतीने कित्येक दशके शहराच्या पगारावर उभे होते.

या वाटणीला आणखी एक बाजू आहे. गीर्ट्झनंतरच्या संशोधकांनी जावाच्या देसातही भूमिहीनांचा मोठा वर्ग होता व तेथील वाटा समान नव्हता, हे दाखवून दिले. आमच्याकडे वेगळे काय होते? गावकुसाबाहेरच्या महाराने गावाची सीमा राखावी, सरकारी टपाल पोचवावे, मेलेले ढोर ओढावे आणि मोबदल्यात बलुते मागून घ्यावे, ही त्या व्यवस्थेची अट होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनासमितीत ग्रामप्रजासत्ताकांच्या स्तुतीचा कठोर समाचार घेतला, त्यामागे हा अनुभव होता. मुंबई राज्याने कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा केला तो १९५८ मध्ये. स्वयंपूर्णतेची किंमत ज्यांनी मोजली, त्यांची साक्ष घेतल्यावाचून तिचा हिशेब पुरा होत नाही.

डॉ. गो. स. घुर्ये यांनी सव्वाशे वर्षांनंतरच्या लोणीकंदचा अभ्यास करून १९६० मध्ये तो ग्रंथरूपाने मांडला. एकाच मराठी गावाची इतक्या अंतराने दोनदा पाहणी व्हावी, हा अभ्यासकांना दुर्मिळ लाभ होय. मॅनसाहेबांचे पिंपळे सौदागर आता पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत आले असून, ज्या भूमीचे तुकडे त्यांनी मोजले, तिच्यावर उंच इमारती उभ्या आहेत.

या सगळ्यातून जुन्या खेड्याविषयी तिरस्कार उत्पन्न व्हावा, असा आमचा हेतू नाही. भावाला वाटा देणारी आणि शेजाऱ्याला खळ्यावरून रिकाम्या हाती न धाडणारी माणसे तेथे होती, आणि तो वारसा जपण्याजोगा आहे. परंतु जमीन वाढत नसता केवळ वाटून घेण्याने गाव तरत नाही, हे लोणी, पिंपळे आणि जावाचा देस तिन्ही सांगतात. तेव्हा वर्गात ते परिचित वाक्य आले म्हणजे शिक्षकाने विद्यार्थ्याला तीन प्रश्न विचारावेत : गावात मीठ कोठून येई? सारा कशात भरला जाई? आणि गावकुसाबाहेर कोण राहत असे? या तिहींची उत्तरे शोधणारा विद्यार्थी खेड्याकडे अधिक डोळसपणे आणि, आमच्या मते, अधिक आस्थेने पाहील.