कावसजीच्या कपाळावरील वण

विद्रूप झालेलें मुख सुधारण्याची विद्या पश्चिमेकडून आली, हा सुशिक्षितांचा समज आम्हांस मान्य नाहीं. इंग्रजी सैन्यांत बैल हाकणारा मराठा कावसजी १७९२ च्या युद्धांत टिपूच्या कैदेंत सांपडला व नाक गमावून बसला. पुण्याजवळील एका वीटकऱ्यानें त्याच्या कपाळाचें कातडें, भुवयांमधील दुवा राखून, खालीं वळविलें आणि भिजविलेल्या काताच्या पट्ट्यांनीं सांधलें. कपाळावरील वण कालांतरानें फारसा दिसत नाहीं, असें लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’नें १७९४ सालीं छापलें. त्याच रीतीनें कार्प्यू यानें १८१४ सालीं लंडनांत शस्त्रक्रिया केली. रोग्याचें नांव राहिलें, पाहणाऱ्या दोघां इंग्रज डॉक्टरांचींही राहिलीं. ज्याच्या हातानें हें घडलें, त्याची मात्र जातच तेवढी नोंदली गेली. हातांच्या कसबास विद्या न मानण्याची खोड आमचीही आहे. म्हणून केवळ इंग्रजांस दोष देणें आम्हांस शोभत नाहीं.